केमारची साक्ष

शनिवार, १४ मार्च
हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून

लिन्व्हल,

फोन करून करून दमले. चार दिवसांत नऊ वेळा. दर वेळी तुझी बायको युनिस उचलते आणि म्हणते, "ताई, पास्टर उपासात आहेत, कोणाशी बोलत नाहीयेत." तिला सांग, मी पास्टरला फोन करत नाहीये. मी माझ्या धाकट्या भावाला फोन करतेय. आई गेल्यावर ज्याचं नाक मी पुसलं आणि ज्याला मी हाताला धरून शाळेत नेलं, त्याला. उपासात सख्ख्या बहिणीशी बोलायला बंदी असते हे सदुसष्टाव्या वर्षी मला नव्यानेच कळतंय.

म्हणून पत्र लिहितेय. फोन युनिस उचलते, पण पत्राला उत्तर तुलाच द्यावं लागेल.

केमार जिवंत आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगते. पोटात दोन वार, डाव्या दंडावर एक. प्लीहा काढून टाकावी लागली. माझी मार्व्हा रात्रपाळी संपवून थेट इथे येते, लेकाच्या उशाशी बसल्या बसल्या झोपते आणि उठून परत कामाला जाते. दिवसभर मी असते. सोळा वर्षांचं पोर, सहा फूट उंच, आणि काल नर्सने लघवीचं भांडं आणलं तर मला म्हणतो, "आजी, तू बाहेर जा ना जरा." मी बाहेर गेले आणि भिंतीवर बुक्की मारली. अजून बोटं दुखताहेत. रडू येत नाहीये मला, लिन्व्हल, नुसता संताप येतोय.

आणि तो तुझ्यावर येतोय. ज्या पोरांनी वार केले त्यांचं काय करायचं ते पोलीस बघतील. तुझ्याबद्दल कोण बघणार?

गेल्या रविवारी चर्चमध्ये केमार वेदीपाशी उभा राहिला. खिशातून चाकू काढून त्याने तुझ्या हातात ठेवला. म्हणाला, "मी वर्षभर हा घेऊन फिरत होतो. पलीकडच्या वसाहतीतल्या पोरांची भीती वाटायची म्हणून. आजपासून मी काही बाळगत नाही." बस, एवढीच त्याची साक्ष. अडीचशे माणसं उभी राहून हालेलुया ओरडली, ऑर्गन सुरू झाला, डफल्या वाजल्या, आणि तू तो चाकू डोक्यावर धरून व्यासपीठभर नाचलास. मीही नाचले, खोटं कशाला बोलू.

पण संध्याकाळी तू त्या सगळ्याचा व्हिडिओ मंडळीच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलास. त्याचा चेहरा, त्याचं नाव, आणि वर मोठ्या अक्षरांत, 'हा मुलगा आता चाकूशिवाय फिरतो!' उद्गारचिन्हासकट.

अरे, हे कोणासाठी लिहिलंस? देवाला ते आधीच माहीत होतं. मंडळीने डोळ्यांनी पाहिलं होतं. माहीत नव्हतं ते फक्त पलीकडच्या वसाहतीतल्या त्या चार पोरांना. सोमवारी त्यांनी पाहिलं आणि मंगळवारी संध्याकाळी ती बस थांब्यावर उभी होती. एकाने विचारलं, "काय रे, खरंच काही नाही ना खिशात?" विचारून मग मारलं. केमारने हे मला सांगितलंय, पोलिसांना नाही.

प्रभूने त्या कुष्ठरोग्याला बरं केलं आणि जाताना बजावलं, कोणाला सांगू नकोस. एकोणीस वर्षं प्रवचनं देतोयस, त्यावर एकदा तरी दिलंस का?

तो व्हिडिओ आजच्या आज काढ. आणि तू पाठवलेली फळांची टोपली मी नर्सांना देऊन टाकली. पोराला पाण्याचा घोट उतरत नाही आणि तू अननस पाठवतोस.

डॉरेट


सोमवार, २३ मार्च
घरून

लिन्व्हल,

उत्तर आलं तुझं. छापील कागदावर, वर मंडळीचं कबुतराचं चिन्ह. बहिणीला लिहायलाही साधा कागद मिळाला नाही तुला.

तू लिहितोस, "ताई, सैतान चवताळला, कारण साक्षीत सामर्थ्य होतं." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बावीस वर्षं मी या शहरात दोन मजली बस चालवली. माझ्या बसमध्ये एखादी म्हातारी पडली असती, आणि मी साहेबाला सांगितलं असतं की ब्रेक सैतानाने दाबला, तर दुसऱ्या दिवशी बसची किल्ली हातात मिळाली असती का मला? तुमच्या धंद्यात बरं आहे. यश आलं की पास्टर, आपटी खाल्ली की सैतान.

व्हिडिओ काढलास ते कळलं. उपकार झाले. पण तोवर पोरांनी तो उतरवून घेतला होता. आता त्याच्यामागे हसण्याचा आवाज जोडलाय आणि प्रत्येकाच्या फोनवर तो फिरतोय. केमारनेच दाखवला मला. ते दोन शब्द, "बाळगत नाही", पुन्हा पुन्हा येतात आणि मागे खिदळणं. माझ्या नातवाने देवाला दिलेल्या शब्दाचा तमाशा करून ठेवलाय.

गुरुवारी त्याला घरी आणलं. आणि शनिवारी मंडळीतला तुझा मदतनीस, तुझा डिकन, तो ब्रदर बूथ, दारात हजर. हातात काय, तर पांढरे टी-शर्ट. पुढे केमारचा फोटो, खाली प्रार्थना आणि त्या मंगळवारची तारीख. म्हणे गुड फ्रायडेला शांतता मोर्चा काढायचाय, घरच्यांसाठी चार शर्ट आणलेत, माप बघून घ्या.

लिन्व्हल, तू या टॉटनममध्ये राहतोस की आभाळात? आपल्या भागात पोराचा फोटो शर्टावर कधी छापतात, ते तुला मी सांगायचं? मर्लीनच्या लेकाचा छापला होता. त्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या मुलाचा छापला होता. दोघांचे शर्ट घालून आपण दफनभूमीत उभे होतो, तू आणि मी, शेजारी शेजारी.

केमार आतून पाय ओढत आला. त्याने शर्ट उलगडला, स्वतःचा फोटो पाहिला, तारीख पाहिली. मग ब्रदर बूथकडे न बघता मला विचारलं, "आजी, मी मेलोय का?"

तो माणूस चाचरत काहीतरी बोलायला लागला. मी त्याला शर्टांसकट जिन्यावर काढला.

आता कामाचं बोलते, नीट वाच. डॉक्टरांनी सांगितलंय, दहा एप्रिलला तपासणी, तोवर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. केमार सगळं ऐकतो. गोळ्या वेळेवर घेतो, सूप पितो, एरवी ज्या मक्याच्या लापशीला नाक मुरडायचा तीही वाटीभर खातो. मार्व्हा म्हणते, "आई, किती शहाणा झालाय बघ." शहाणा कसला डोंबलाचा! मी त्याच्या डोळ्यांत बघते ना. तो बरा होण्याची घाई करतोय. परवा मी विचारलं, "दहा तारखेनंतर काय करणार रे?" तर म्हणाला, "भेटायचंय चौघांना." आणि परत फोनमध्ये डोकं घातलं.

कळलं का? अठरा दिवस आहेत माझ्याकडे. मग एक तर तो कोणाला तरी मारेल नाहीतर मरेल, आणि दोन्हींत पोर माझ्या हातून जाईल.

माझं तो ऐकणार नाही. मार्व्हाचं तर नाहीच. ऐकलंच कोणाचं तर तुझं ऐकेल. तूच त्याला बेस गिटार शिकवलीस, शनिवारचे शनिवार समोर बसवून. बापाने तोंड फिरवलं तेव्हा 'लिन्व्हल आजोबा' म्हणून तो तुझ्याच मागे मागे होता. ये आणि त्याच्याजवळ बस. मोर्चा नको, माइक नको. ये आणि म्हण, माझं चुकलं. दोन शब्द आहेत, त्यांना कबुतराचा कागद लागत नाही.

डॉरेट


शनिवार, ४ एप्रिल

लिन्व्हल,

काल तुझा मोर्चा पाहिला. खिडकीतूनच, कारण तो आमच्याच इमारतीखालून नेलास. दीडशे माणसं, सगळ्यांच्या छातीवर माझा नातू. कर्ण्यावरून तू विचारलंस, "आपल्याला आपली मुलं परत हवीत की नाही?" सगळे ओरडले, "हवीत!" आणि पुढे चालू लागलास. मूल पाचव्या मजल्यावर खिडकीत उभं होतं. मान वर करून बघितलंही नाहीस.

केमार म्हणाला, "आजोबांचा आवाज बसलाय." आणि खिडकीचा पडदा ओढला.

ईस्टर आला, पण यंदा मी ईस्टरचा गोड बन भाजला नाही. दर वर्षी तुझ्या घरी एक जातो, चीजच्या मोठ्या तुकड्यासकट. यंदा वाट बघू नकोस.

बन भाजला नाही याचं कारण सांगते. काल सकाळी पिठाचा डबा काढला, मग ब्रेड कापायचा लांब चाकू शोधला. मिळाला नाही. खणात नाही, सिंकमध्ये नाही. मी समजून चुकले. केमार न्हाणीघरात गेल्यावर त्याची गादी उचलली. टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला होता. मी हात लावला नाही. गादी होती तशी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात येऊन पिठाचा डबा परत जागेवर ठेवला.

मी तो काढून का घेतला नाही, असं विचारशील. कारण एकदा काढून घेतला होता आणि काय झालं ते बघतेय.

हे मी तुला सांगितलं नव्हतं. मार्व्हालाही नाही. तू समजतोस की केमार आपणहून उठला, पवित्र आत्म्याने त्याला उठवलं. तसंच तू सगळ्यांना सांगितलंस. त्याला मी उठवलं.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी बुटांच्या खोक्यात मला तो चाकू सापडला. मी त्याच्यापुढे धरला. पोरगं रडलं, लिन्व्हल. म्हणालं, "आजी, मला नकोच आहे तो. मी आत्ता जातो आणि नदीत टाकतो. तू बरोबर चल, बघ मी टाकतो की नाही ते. देवाला इथेच सांगू, आपण दोघं." एवढं शहाण्यासारखं बोलला तो. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, जे मंडळीसमोर बोललं नाही ते झालंच नाही. आपण असेच वाढलो ना? गावाकडे, क्लॅरंडनच्या त्या पत्र्याच्या चर्चमध्ये, बाबांनी दारू सोडली तीसुद्धा उभं राहून, सगळ्यांदेखत. तो नको नको म्हणत होता, आणि मी सांगितलं, उद्या उभा राहणार नसलास तर दुसरं घर शोध. सोळा वर्षांच्या पोराला! मग मी त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला.

अजून आहे. कॅमेरा घेऊन ती तरुण मुलगी असते ना, शनेल? साक्ष सुरू होण्याआधी मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "बाई, जरा जवळून घे. चेहरा नीट येऊ दे." किंग्स्टनच्या मावशीला दिसावा म्हणून. माझ्या अंगावर डागही पडू नये म्हणून मी महिनाभर तुझ्या नावाने खडे फोडतेय, आणि तो चेहरा इतका स्वच्छ कोणामुळे दिसला? माझ्यामुळे.

म्हणजे तू सुटलास असं नाही. चुकूनही तसं वाटून घेऊ नकोस. मी पोराला उभं केलं, तू त्याला बाजारात मांडलंस. माझा राग अर्धाही कमी झालेला नाही, फक्त आता तो दोन ठिकाणी जातो.

आज मी हे केमारला सांगणार आहे. मला माहीत नाही तो काय करेल. सहा दिवस उरलेत. तू ये.

डॉरेट


शनिवार, ११ एप्रिल

लिन्व्हल,

हे पत्र टपालात टाकत नाहीये, तुझ्या दाराच्या फटीतून आत सारतेय. दार वाजवणार नाही. तुझं तोंड बघितलं तर काय बोलेन याचा मला भरवसा नाही.

परवा आलास. आलास एकदाचा, पण कसा? सूटबूट, बगलेत पवित्र शास्त्र, खिशात अभिषेकाचं तेल, आणि मागे ब्रदर बूथ. आजारी नातवाला बघायला येताना साक्षीदार कशाला लागतो रे तुला? आणि आल्या आल्या हात वर करून प्रार्थना! केमारने मध्येच विचारलं, "आजोबा, प्रार्थना नंतर. आधी सांगा, तो व्हिडिओ टाकायला कोणी सांगितलं?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग बूथकडे. आणि म्हणालास, "ते सगळं मीडियाची मुलं बघतात, बाळा."

लाज कशी वाटली नाही? शनेल एकोणीस वर्षांची आहे. तू बोटाने दाखवशील तिथे ती कॅमेरा फिरवते. शीर्षकसुद्धा तूच सांगितलंस, तिने मला ते रडत रडत सांगितलंय. पोरगी महिनाभर झोपलेली नाही, आणि तू तिच्यावर ढकलून मोकळा झालास.

केमार हसला. तू ते हसणं पाहिलंस की नाही? मग शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. लावा तेल." तुला वाटलं, झालं. कपाळावर तेल लावून, चहा पिऊन तू गेलास.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक.

मी त्याला माझं गेल्या शनिवारीच सांगितलं होतं. इस्त्री केलेल्या शर्टाचं, घराबाहेर काढण्याच्या धमकीचं, कॅमेऱ्याचं, सगळं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवणाचं ताट घ्यायचा आणि दार लावायचा. तिसऱ्या दिवशी बाहेर आला, टेबलाशी बसला आणि म्हणाला, "तू मला खरंच घराबाहेर काढलं असतंस?" मी म्हणाले, "नाही रे. नुसती बोलले." तो म्हणाला, "मला खरं वाटलं होतं." बस. त्यानंतर बोलायला लागला. माफ केलं वगैरे काही नाही, पण बोलायला लागला.

तर तू गेल्यावर तो म्हणाला, "आजी निदान खरं बोलली. आजोबा अजून साक्षच देताहेत." मी म्हणाले, "अरे, ते घाबरलेत." आणि लिन्व्हल, एवढ्या रागातही मी तुझी बाजू घेतली त्याचा मलाच राग आला. तो म्हणाला, "मीही घाबरलो होतो. तरी उभा राहिलो ना?"

काल तपासणी झाली. डॉक्टर खूश. हिंडायला फिरायला हरकत नाही म्हणाले. बसने परत आलो. आपल्या थांब्यावर उतरलो, त्याच थांब्यावर, आणि तो मिनिटभर तिथेच उभा राहिला. घरी आल्यावर मी त्याचा हात धरला. म्हणाले, जाऊ नकोस. भीक मागितली म्हण हवं तर. मार्व्हाही रडली, पाया पडायची बाकी राहिली. त्याने विचार केला. मग म्हणाला, "रविवारी अकरा वाजता आजोबांना इथे यायला सांग. एकट्यांना. आले तर मी जात नाही."

मी म्हणाले, "रविवारी अकराला? अरे, तेव्हा तर ते—"

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "म्हणूनच."

एकोणीस वर्षांत तू एकही रविवार चुकवलेला नाहीस. न्यूमोनिया झाला होता तेव्हाही खुर्चीत बसून प्रवचन दिलंस. पोराला हे सगळं पाठ आहे. तिकडे अडीचशे माणसं तुझी वाट बघणार आणि इकडे एक. त्याला बघायचंय तू कुठे जातोस.

मी तुला जन्मात काही मागितलेलं नाही. उद्या अकरा.

डॉरेट


रविवार, १२ एप्रिल
संध्याकाळ

लिन्व्हल,

आज तू आमच्याकडे दोन तास बसलास आणि मी तुझ्याशी चार शब्दही बोलले नाही. चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. तुला वाटलं असेल, ताईचा राग अजून गेला नाही. बरोबर वाटलं. पण मी बोलले नाही त्याचं कारण ते नव्हतं. माझी दातखीळ बसली होती. म्हणून लिहितेय. तू येण्याआधी काय झालं ते तुला कळायलाच हवं.

साडेदहापासून केमार बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसला होता. अंगात जाकीट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली, पायांत बूट. मी विचारलं, "घरात बूट कशाला?" म्हणाला, "अकरापर्यंत बघू." जाकिटाच्या आत काय होतं ते मला माहीत होतं. मार्व्हा रात्रपाळीहून येऊन आत झोपली होती. मी तिला उठवलं नाही.

अकरा वाजले. तो घड्याळाकडे बघत होता, मी दाराकडे. पाच मिनिटं झाली. मी म्हणाले, "रस्त्यात गर्दी असेल." रविवारी सकाळी टॉटनमच्या रस्त्यात कसली डोंबलाची गर्दी! बावीस वर्षं त्याच रस्त्याने बस नेलीय मी. अकरा दहा झाले. तो म्हणाला, "प्रवचन सुरू झालं असेल आता." मी तुला फोन लावला, बंद. अकरा पंधराला तो उठला.

मी दार अडवून उभी राहिले. "सरक, आजी." मी म्हणाले, "मला ढकलून जा." त्याने ढकललं नाही. माझे दोन्ही खांदे धरले, उचलून बाजूला ठेवावं तशी मला हळूच बाजूला केली, आणि माझ्या डोक्यावर ओठ टेकले. लहान होता तेव्हा मी त्याला शाळेच्या फाटकात सोडताना करायचे, तसं. त्याने मला निरोप दिला, लिन्व्हल. मी ओरडलेसुद्धा नाही.

तो बाहेर गेला आणि त्याने लिफ्टचं बटण दाबलं. मी चौकटीला धरून उभी होते. लिफ्ट वर येताना करकरते ना, ते करकरणं मी ऐकत होते. दार उघडलं आणि आत तू होतास.

एकटा. घामाघूम, टाय सुटलेला, हातात काही नाही. तू त्याचं जाकीट पाहिलंस, बूट पाहिलेस, आणि तुला कळलं, हे मी तुझ्या चेहऱ्यावर बघितलं. लिफ्टचं दार मिटायला लागलं तेव्हा तू मध्ये पाय घातलास. आणि म्हणालास, "व्हिडिओ मीच टाकायला सांगितला. शीर्षकही माझं. पोरीवर ढकललं, कारण मला तुझ्यासमोर लाज वाटत होती. माझं चुकलं, केमार."

दार तुझ्या पायावर आपटत होतं, मागे जात होतं, परत आपटत होतं. शेवटी तो म्हणाला, "वीस मिनिटं उशीर झाला तुम्हाला." आणि वळून घरात आला. आत तुमचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. दार बंद होतं आणि मला ऐकायचंही नव्हतं. फक्त जाताना तो तुला म्हणाला, "पुढच्या रविवारीही अकराला," तेवढं कानावर आलं.

तू गेल्यावर सिस्टर आयसिल्डाचा फोन आला. तिने सगळं सांगितलं. तू साडेदहाला व्यासपीठावर उभा राहिलास, शनेलला कॅमेरा बंद करायला लावलास, सगळ्यांसमोर तिची माफी मागितलीस, मग केमारबद्दल बोललास, मग रडलास, मग लोक रडले, मग कोणीतरी ऑर्गन सुरू केला. आणि मग धावत निघालास. आयसिल्डा म्हणत होती, "सिस्टर डॉरेट, अशी उपासना मी आयुष्यात पाहिली नाही." तिला वाटलं मला आनंद होईल.

अरे, तुला अक्कल आहे का? आधी इथे यायचं होतंस! अडीचशे माणसांना तासाभराने सांगितलं असतंस तरी ती तिथेच बसलेली होती. त्यांच्या जाकिटात चाकू नव्हता. पण नाही. आपल्या लोकांना आधी सगळ्यांदेखत उभं राहून बोलल्याशिवाय ते खरंच वाटत नाही. मला वाटलं नाही, तुलाही नाही. त्या वीस मिनिटांत माझा नातू मला निरोप देऊन गेला होता. लिफ्ट खाली कोणीतरी आणखी थोडी अडवून धरली असती आणि त्याने वैतागून जिना धरला असता, तर तू वर आलास आणि तो खाली गेला असं झालं असतं.

मी तुला माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. मंडळीत कोणी विचारलं तर तसंच सांग. केमारनेही केलेलं नाही, त्यानेच मला मघाशी सांगितलं. मग बूट काढले, खुर्चीखाली सरकवले आणि विचारलं, "आजी, खायला काय आहे?"

पुढचा रविवार अकरा म्हणजे अकरा, लिन्व्हल. दहाला येऊन खाली उभा राहा.

डॉरेट